घरात कुणी ॲडमिट असताना पैशाची घडी कशी टिकवायची

घरातलं माणूस ॲडमिट झालं की दोन-तीन दिवसांत पैशाची घडी विस्कटते. मोठ्या बिलाकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण गडबड होते ती भलतीकडे. मेडिकलच्या दिवसाला चार-पाच फेऱ्या, रिक्षा, बाहेरचं जेवण आणि तारीख उलटून गेलेलं क्रेडिट कार्डाचं बिल. महिनाअखेरीला खात्यात काहीच उरलेलं नसतं आणि कुठे गेलं ते सांगता येत नाही.

रोजचा जमाखर्च लिहायची सवय असेल तर या दिवसांपुरती ती खुशाल सोडा. दोन दिवसांचं लिहायचं राहिलं की तिसऱ्या दिवशी वही उघडायचाही कंटाळा येतो, आणि मग सगळंच सुटतं. त्याऐवजी एक खातं, एक पिशवी आणि आठवड्यातली दहा मिनिटं, एवढंच सांभाळा.

खातं आधी. बहुतेक घरांत एखादं दुसरं बचत खातं नुसतं पडून असतं. पहिल्याच दिवशी त्यात ठरावीक रक्कम टाका, ते यूपीआयला जोडा आणि दवाखान्याचा प्रत्येक खर्च त्यातूनच करा. मग हिशोब लिहावा लागत नाही, बँकेचं स्टेटमेंटच हिशोब असतं. पैसे पाठवताना खालच्या टिपेच्या रकान्यात ‘औषध’, ‘तपासणी’, ‘डबा’ असा एक शब्द टाका. पगार आणि हप्त्यांच्या खात्याला हात लावायचा नाही. हे वेगळेपण पाळलं नाही, तर पाच तारखेला कटणारा हप्ता आदल्या रात्रीच्या इंजेक्शनांत गेलेला असतो.

दवाखान्याचं बिल भरायला यूपीआयवर दिवसाला 5 लाखांपर्यंत मुभा आहे, एरवीची मर्यादा 1 लाख. पण तुमच्या बँकेची मर्यादा त्याहून कमी असू शकते. शिवाय यूपीआय नव्याने किंवा नव्या फोनवर सुरू केलं, तर पहिला दिवसभर अगदी थोडेच पैसे पाठवता येतात. म्हणून ही जोडणी पहिल्या दिवशी करायची, डिस्चार्जच्या सकाळी काउंटरवर उभं राहून नाही. रोखीचा भरवसा धरू नका. आयकर कायद्यानुसार एकाच उपचारासाठी 2 लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेता येत नाही, मग ती थोडी थोडी करून दिली तरी.

आता पिशवी. चेन असलेली प्लास्टिकची, ए-फोर कागद न दुमडता मावेल अशी. ती पेशंटच्या उशाशी ठेवू नका, जो माणूस पैसे भरतो त्याच्याकडे असू द्या. तीन प्रकारचे कागद आत जातात: डिपॉझिटच्या मूळ पावत्या, मेडिकलची बिलं आणि तपासण्यांचे रिपोर्ट. मेडिकलच्या बिलाला डॉक्टरांची त्याच औषधाची चिठ्ठी तिथल्या तिथे टाचायची. चिठ्ठीशिवाय आलेलं बिल विमा कंपनी बाजूला काढते, आणि तीन आठवड्यांनी कुठली चिठ्ठी कुठल्या बिलाची ते जुळवणं म्हणजे डोक्याला ताप. गुळगुळीत कागदावर छापलेली पावती उन्हात किंवा गाडीच्या डिकीत राहिली की पार पांढरी पडते, म्हणून हातात आल्याआल्या फोटो काढा. डिपॉझिटची मूळ पावती हरवली तर परतावा अडतो. वॉर्डात न वापरलेली औषधं परत गेली असतील तर ती अंतिम बिलातून वजा झाली का, हे डिस्चार्जच्या दिवशी विचारून घ्या. ते बरेचदा राहून जातं.

नातेवाइकांनी भरलेल्या पैशांसाठी याच पिशवीत एक कोरा कागद ठेवा. नाव, रक्कम, तारीख, आणि पुढे ‘परत करायचे’ की ‘आहेर’. “राहू दे, नंतर बघू” असं मामा म्हणतात तेव्हा तर नक्कीच लिहा. या पैशांवरून वर्षभराने जे अबोले धरले जातात, ते न लिहिल्यामुळेच.

दहा मिनिटं रविवारी सकाळी, चहाबरोबर. मोबाइलमध्ये पुढच्या आठ दिवसांत काय काय भरायचं आहे तेवढं बघायचं आणि पैसे पुरत नसतील तर कुणाला थांबवायचं ते ठरवायचं. आपण बहुतेकजण इथेच चुकतो. वीज तोडतील या भीतीने आधी वीजबिल भरतो आणि कार्डाची ‘किमान रक्कम’ भरून मोकळे होतो. खरं तर उलट करायला हवं. महावितरणचं 2,400 रुपयांचं बिल उशिरा भरलं तर सव्वा टक्का विलंब आकार, म्हणजे 30 रुपये. वीज तोडण्याआधी 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. कार्डाच्या 40,000 पैकी किमान 2,000 भरले तर उरलेल्या 38,000 वर महिना साडेतीन टक्क्यांनी 1,330 रुपये व्याज आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे जवळजवळ 1,570 रुपये. वर नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज, कारण बिनव्याजी मुदत त्या महिन्यापुरती गेलेली असते. तेव्हा पैसे कमी असतील तर कार्ड आधी पूर्ण फेडा.

त्यानंतर खात्यातून आपोआप कटणारे हप्ते. हप्ता परत गेला की तुमची बँकही दंड लावते आणि कर्ज देणाराही. मग आरोग्य विम्याचा हप्ता. वार्षिक असेल तर तारीख उलटल्यावरही भरायला साधारण 30 दिवस मिळतात, महिन्याचा असेल तर 15. वीज, गॅस, सोसायटीचा मेंटेनन्स यांचा नंबर त्यानंतर.

बचत सगळ्यात शेवटी, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पोस्टाच्या आरडीचा हप्ता चुकला तर शंभराला एक रुपया दंड, चार हप्ते चुकले की मात्र खातं बंद पडतं. म्हणजे तीन महिने दम खाता येतो. एसआयपी नुसती सोडून देऊ नका. म्युच्युअल फंड कंपनी दंड लावत नाही, पण खात्यात पैसे नसल्याने हप्ता कापायचा आदेश परत गेला म्हणून बँक लावते. हप्त्याच्या तारखेच्या बऱ्याच आधी ॲपमधून ‘थांबवा’ ही विनंती टाका. भिशी आणि बचत गटाचं गणित वेगळं, तिथे व्याजापेक्षा शब्द मोठा. उशीर होणार असेल तर बैठकीच्या आधी फोन करा, बैठकीत तोंड लपवू नका.

पैसा खरंच कमी पडला तर एफडी मोडण्याआधी बँकेत तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी तारण ठेवून लागेल तेवढी उचल, मिळतो का ते विचारा. त्याचं व्याज बहुधा एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त पडतं. कार्डावरून रोख काढणं मात्र टाळाच, त्यावर पहिल्याच दिवसापासून व्याज आणि वेगळं शुल्क.

विमा असेल तर खोली निवडताना जरा थांबा. समजा 5 लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याला एक टक्क्याची, म्हणजे दिवसाला 5,000 ची मर्यादा आहे आणि तुम्ही 8,000 ची खोली घेतली. फरक 3,000 वर थांबत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर अशा खोलीशी जोडलेल्या खर्चाचेही आठातले पाचच भाग मिळतात. औषधं आणि इम्प्लांट यातून सुटतात. विमा नसेल आणि दवाखाना महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असेल, तर रेशन कार्ड आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, गाठा. तुमच्या आजारावरचे उपचार यादीत असतील तर डिपॉझिट भरायची वेळच येत नाही. उपचार झाल्यावर गेलात तर काही हाती लागत नाही.

पेशंट घरी आल्यावर पिशवी माळ्यावर टाकू नका. बऱ्याच पॉलिसींत डिस्चार्जनंतरच्या 60 दिवसांची औषधं आणि तपासण्याही धरतात, आणि ॲडमिट होण्याआधीच्या 30 दिवसांच्याही. मुदत तुमच्या पॉलिसीत वाचून मोबाइलमध्ये गजर लावा आणि तोवर ते वेगळं खातं चालूच ठेवा. क्लेमला मूळ कागद जातात आणि सहसा परत मिळत नाहीत, म्हणून देण्याआधी पानन्‌पान झेरॉक्स करा. टाचलेल्या चिठ्ठीची मागची बाजूसुद्धा.