पोट जड झालंय? गुडघ्याखालचा हा पॉइंट दाबून बघा

जेवण जास्त झालं, गॅस धरलाय, मळमळतंय, तर चिनी अ‍ॅक्युपंक्चरमधला त्सु-सान-ली म्हणजे एसटी 36 (एसटी म्हणजे स्टमक, पोट) हा पॉइंट दाबून बघा, तिथल्या वैद्यांच्या जुन्या पाठांतराच्या पद्यातही पोटाच्या तक्रारींसाठी हाच सांगितलाय.

शोधायचा कसा? खुर्चीत बसून गुडघा वाकवा, वाटीच्या खाली बाहेरच्या बाजूला एक खळगा लागतो, तिथून आपलीच चार बोटं आडवी ठेवून खाली या आणि नडगीच्या हाडाच्या धारेपासून एक बोट बाहेर सरका. नीट जागा सापडली की दाबल्यावर बोथट, ठसठसल्यासारखं दुखतं, हाडावर दाबत बसू नका. अंगठ्याने मिनिट-दोन मिनिटं दाबायचं, हळूहळू गोल फिरवायचं, श्वास चालू ठेवायचा, मग दुसरा पाय. मला जेवणानंतरच्या जडपणात याने खरंच बरं वाटतं, पण सगळ्यांना तसंच वाटेल असं नाही.

सुई मात्र घरी अजिबात टोचून घ्यायची नाही, ते शिकलेल्या माणसाचंच काम. आणि पोटात उजवीकडे खाली दुखत असेल, ताप असेल, उलट्या थांबत नसतील किंवा शौचातून रक्त जात असेल तर पाय दाबत बसू नका प्लीज, लगेच डॉक्टरकडे जा.