पंखे फिरतात, स्क्रीन काळीच: घरी पीसी जोडताना या चुका टाळा

पंखे फिरतात, आरजीबी लाइट झगमगतात आणि मॉनिटरवर 'नो सिग्नल'. नवखा माणूस इथवर आला की त्याचं पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "मदरबोर्ड खराब आलाय." या वाक्याचा मला मनापासून वैताग आलाय. नवा बोर्ड कधीच खराब निघत नाही असं नाही. पण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पीसींचा बोर्ड ठणठणीत असतो आणि घोळ जोडणाऱ्याच्या घाईमुळे झालेला असतो.

मॉनिटरची केबल कुठे लावलीय, ते सगळ्यात आधी बघा. ग्राफिक्स कार्ड बसवलं असेल तर केबल कार्डाच्याच पोर्टमध्ये हवी, वरच्या मदरबोर्डाच्या पोर्टमध्ये नाही. आय५-१२४००एफ किंवा रायझन ५ ५६०० या प्रोसेसरांमध्ये अंगभूत ग्राफिक्स नाहीत, त्यामुळे बोर्डाच्या एचडीएमआयवर चित्र येणं शक्यच नाही. मॉनिटरच्या मेनूत इनपुटही बरोबर निवडा. एवढं न बघता लोक रॅम काढायला धावतात.

आता माझा सगळ्यात मोठा राग: थांबता न येणं. डीडीआर५ रॅमचा एएम५ बोर्ड (एएमडीच्या रायझन ५ ७६०० सारख्या प्रोसेसरांचा) पहिल्यांदा चालू केला की तो रॅम तपासून तिचं टायमिंग जुळवत बसतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. तोवर स्क्रीन काळी असते, बोर्डावरचा डीरॅमचा, म्हणजे रॅमचा, दिवा पेटलेला असतो आणि हे काही मिनिटं चालू शकतं. रॅम जास्त असेल तर आणखी वेळ. मध्येच वीज तोडलीत की सगळं पहिल्यापासून.

आमच्या सोसायटीतल्या इंजिनिअरिंगच्या एका मुलाने सुट्टीत काम करून साठवलेल्या पैशातून रायझन ५ ७६०० चा पीसी घेतला. चालू केला, अर्ध्या मिनिटात काही दिसेना म्हणून बंद केला. पुन्हा चालू, पुन्हा बंद. मग रॅम बदलून पाहिली, बायोसचा (बोर्डाच्या सेटिंग्ज जपणारा) सेल काढून लावला, म्हणजे ट्रेनिंग परत शून्यावर. कुणीतरी सांगितलं की प्रोसेसर नीट बसला नसेल. त्याने तो काढला आणि परत ठेवताना हातातून तिरका सॉकेटवर पडला. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, केसासारख्या नाजूक. त्यातल्या काही वाकल्या. वाकलेल्या पिना वॉरंटीत बसत नाहीत. पोरगा बोर्ड घेऊन माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. सुरुवातीला त्या पीसीत काहीच बिघाड नव्हता. पोराने फक्त चहा करून पीत थांबायला हवं होतं.

म्हणून माझी सवय सांगतो. नवा पीसी चालू केला की मी पंधरा मिनिटं त्याला हात लावत नाही, फक्त बोर्डावरचे दिवे बघतो. हल्लीच्या बऱ्याच बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम, व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (सिस्टीम असलेली डिस्क) असे चार छोटे दिवे असतात. जो पेटून राहील, अडचण तिथे. पीसी स्वतः सांगत असताना अंदाज कशाला लढवायचे? डीरॅमवर अडकला तर एकच रॅम, प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत, म्हणजे बहुतेक बोर्डांवर ए२ मध्ये, दोन्ही टोकांनी दाबून बसवा. सीपीयूवर अडकला तर आधी बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातली, प्रोसेसरला वीज देणारी आठ पिनांची केबल तपासा. ती विसरली तरी पंखे फिरतात, म्हणून कुणाला शंका येत नाही. ती केबल ४+४ अशी फुटते, ग्राफिक्स कार्डाची ६+२ अशी. एकीच्या जागी दुसरी जोर लावून घालू नका.

कॅबिनेटमध्ये बोर्डाला छिद्र नाही तिथे पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो तो छोटा खुंट) राहिला तर शॉर्ट होतो. मी तर बोर्ड आधी त्याच्याच खोक्यावर ठेवून चालू करून पाहतो आणि मगच कॅबिनेटमध्ये कसतो.

बटण दाबून काहीच होत नसेल तर बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर लावा. चालू झाला तर दोष कॅबिनेटच्या बटणात किंवा त्याच्या वायरीत.

दुसरी चूक पैशाने महाग आणि मनाला त्रास देणारी. मॉड्युलर एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा, सुट्या केबलींचा डबा) बदलताना जुन्या केबली तशाच ठेवायच्या, कारण त्या आधीच छान बांधलेल्या आहेत! एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही वेगळी. प्लग मात्र बेमालूम बसतो. मग जिथे ५ व्होल्ट हवेत तिथे १२ व्होल्ट जातात. एका फोटोग्राफर मित्राच्या दोन हार्ड डिस्क अशाच एका झटक्यात गेल्या, लग्नांच्या शूटसकट. एसएमपीएस बदलला की केबली नव्या खोक्यातल्याच, मग कितीही वेळ लागो.

गेम सुरू केला की पीसी फटकन बंद होतो? लोक लगेच ग्राफिक्स कार्डाला दोष देतात. आधी यूपीएस बघा. आपल्याकडे घरोघरी असलेला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. गेमिंग पीसी आणि मॉनिटर मिळून तो आकडा सहज ओलांडतात. शिवाय स्वस्त यूपीएसची चौकोनी लहर काही चांगल्या एसएमपीएसना मानवत नाही आणि लाइट जाताक्षणी पीसी पडतो. भिंतीच्या सॉकेटला थेट लावून तोच गेम चालवा. बंद पडला नाही तर कार्ड बदलायला दुकानात जाऊ नका, मोठा यूपीएस घ्या. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तो पीसीचा विषय नाही, सॉकेटच्या अर्थिंगचा आहे. त्याच दिवशी वायरमन बोलवा.

एसएमपीएसचा डबा उघडून पाहायचा मोह झालाच तर हात आवरा. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात. तो डबा जसाच्या तसा वॉरंटीला द्या.