खाऱ्या वाऱ्यात टिकणाऱ्या बिजागऱ्या
देवगड, मालवण, गुहागरला समुद्रालगत घर किंवा होमस्टे बांधताय? मग कड्या-बिजागऱ्या घेताना नुसतं ‘स्टीलचं द्या’ म्हणू नका, ग्रेड विचारा. स्वस्तातलं २०२ ग्रेडचं स्टेनलेस स्टील खाऱ्या हवेत लवकर गंजतं. ३०४ बरं, पण अगदी समुद्रासमोर त्यावरही तांबूस डाग धरतात. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, म्हणून ते मिठापुढे जास्त टिकतं. लोहचुंबक लावून हा फरक कळत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्याच. महाग वाटलं तर निदान पश्चिमेच्या खिडक्यांना तरी ३१६ लावा. स्क्रूही त्याच ग्रेडचे हवेत, नाहीतर साधा लोखंडी स्क्रू आधी कुजतो आणि चांगल्या बिजागरीचं दार लोंबतं. वळचणीखालच्या कड्यांवर पाऊस पोचत नाही, मीठ साचतं. त्या गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसत जा.