चौकातील वाहने मोजून सिग्नलची वेळ कशी ठरवावी

सिग्नलच्या वेळापत्रकातील बहुतेक चुका गणितात नव्हे, तर त्याआधीच्या वाहनमोजणीत होतात. मोजणीसाठी मंगळवार ते गुरुवार यांपैकी साधा कामाचा दिवस घ्यावा आणि आठवडी बाजार, शाळांच्या सुट्ट्या व सणासुदीचे दिवस टाळावेत. प्रत्येक रस्त्यासाठी स्वतंत्र माणूस नेमून सरळ, डावीकडे व उजवीकडे जाणारी वाहने प्रकारानुसार नोंदवावीत आणि दर 15 मिनिटांनी कागदावर नवी ओळ सुरू करावी. दिवा हिरवा होताच दुचाक्यांचा घोळका एकदम सुटतो. तो डोळ्यांनी मोजण्याच्या फंदात न पडता जवळच्या गच्चीवरून चित्रण करावे आणि नंतर ते थांबवत थांबवत मोजावे.

उभे कोठे राहायचे, हा प्रश्न वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे. गर्दीच्या वेळी स्टॉप लाइनजवळ केलेली मोजणी सिग्नलने किती वाहने सोडली एवढेच सांगते. किती वाहनांना जायचे होते, ते मागच्या रांगेत दडलेले असते. म्हणून रांगेच्या शेपटीच्याही मागे उभे राहून येणारी वाहने मोजावीत.

त्यानंतर सर्व वाहने प्रवासी मोटार एककात, म्हणजे पीसीयूमध्ये, बदलावीत; एक मोटार म्हणजे एक एकक, आणि इतर वाहनांना त्या तुलनेत गुणक लावायचा. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या 1990 च्या शहरी रस्त्यांविषयीच्या मार्गदर्शिकेत वाहनाचा एकूण वाहतुकीतील वाटा वाढला की त्याचा गुणकही वाढतो. समजा, 15 मिनिटांत 240 दुचाक्या, 60 मोटारी, 40 रिक्षा आणि 10 बस आल्या. अनुक्रमे 0.75, 1, 2 आणि 2.2 या गुणकांनी बेरीज 342 होते, म्हणजे तासाला 1368 पीसीयू.

सिग्नलचे एक पूर्ण चक्र किती सेकंदांचे असावे, हे काढण्यासाठी ब्रिटनमधील वेबस्टर यांनी 1958 मध्ये मांडलेले सूत्र आजही कामाला येते. 7 मीटर रुंदीच्या मार्गावरून, मीटरमागे 525 धरल्यास, अखंड हिरव्या दिव्यात तासाला 3675 पीसीयू सुटतात. त्यामुळे येणाऱ्या वाहनांचे या क्षमतेशी प्रमाण 1368 भागिले 3675, म्हणजे 0.37 येते. (दुचाक्या फटीफटीतून पुढे सरकतात, तेव्हा 525 हा आकडा आपल्या चौकात प्रत्यक्ष मोजून पाहिलेला बरा.) आडव्या रस्त्याचे प्रमाण 0.23 असेल, तर बेरीज 0.60 होते. दोन्ही टप्प्यांत मिळून 12 सेकंद वाया जातात असे धरून त्यांच्या दीडपटीत 5 मिळवावेत आणि येणाऱ्या 23 ला, 1 मधून 0.60 वजा करून उरणाऱ्या, 0.40 ने भागावे. उत्तर 57.5 येते, सोयीसाठी 60 सेकंदांचे चक्र घ्यावे. उरलेल्या 48 सेकंदांपैकी सुमारे 30 मुख्य रस्त्याला आणि 18 आडव्या रस्त्याला मिळतात.

मात्र याच 18 सेकंदांत पादचाऱ्याला 14 मीटर रुंदीचा मुख्य रस्ता ओलांडायचा असतो. सेकंदाला 1.2 मीटर चालणाऱ्याला 12 सेकंद पुरतात, पण 0.9 मीटरने चालणाऱ्या आजींना जवळपास 16 लागतात, आणि पाऊल उचलण्याआधीचे चार-पाच सेकंद वेगळेच. सूत्राला पादचारी दिसत नाही, म्हणून येथे ते बाजूला ठेवून आडव्या रस्त्याला 22 सेकंद द्यावेत. त्याच प्रमाणात मुख्य रस्त्याचे सुमारे 36 होतात आणि चक्र 70 सेकंदांचे बनते.

प्रमाणांची बेरीज 0.9 झाली, तर हेच सूत्र 230 सेकंद सांगू लागते. एवढा वेळ कोणीही थांबत नाही. लोक लाल दिव्यातच घुसतात. अशा चौकात सिग्नलपेक्षा उजवे वळण, रिक्षाथांबा किंवा रस्त्याकडेचे पार्किंग हलवण्याचा विचार आधी करावा. नवी वेळ लागू झाल्यावर गर्दीची सलग दहा चक्रे पाहावीत आणि हिरवा दिवा संपताना रांगेत किती वाहने शिल्लक राहतात, हे प्रत्येक वेळी लिहून ठेवावे.