नाशिकहून लंडन: अंतर किती, वेळ किती, घरबसल्या कसं काढायचं

पोरं लंडनला शिकायला गेली की आईवडिलांचा पहिला प्रश्न, विमानाला किती तास लागतात? तिकीट बघून पटकन उत्तर द्यायला गेलं की हमखास घोळ होतो, कारण तिकिटावर दोन्हीकडची वेळ तिथल्या तिथल्या घड्याळाची असते. समजा मुंबईहून दुपारी २ ला निघून लंडनला संध्याकाळी ७ ला पोचताय, तर ते ५ तास नाहीत, उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं ते मिळवा, झाले साडेनऊ. थंडीत हाच फरक साडेपाचचा होतो. तिकडे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलतात, म्हणून तारीख आधी बघा.

आता अंतर. कॉम्प्युटरवर गूगल मॅप्स उघडा, मुंबई विमानतळावर राइट क्लिक करून अंतर मोजायचा पर्याय घ्या आणि मग लंडनच्या हीथ्रो विमानतळावर क्लिक करा. साधारण ७,२०० किमी येतं. रेघ वाकडी दिसते पण तोच जवळचा रस्ता आहे, पृथ्वी गोल आहे ना. घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून बघाच, पश्चिमेला जायचं सोडून तो वर उत्तरेकडे चढतो, मुलांना दाखवण्यासारखी गोष्ट आहे.

या किलोमीटरना ८५० ने, म्हणजे विमानाच्या ताशी साधारण वेगाने, भागायचं आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा-पाऊण तास धरायचा. ७,२०० चे साडेआठ, म्हणजे नऊ-सव्वानऊ तास. जाताना अजून थोडं धरा, कारण वर जेट स्ट्रीमचा वारा पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो, जाताना तो समोरून येतो आणि येताना पाठीशी असतो. शिवाय हवाई हद्दी बंद झाल्या की वळसा पडतो, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली तेव्हा तसंच झालं.

पण नाशिककरांचा खरा हिशोब घरापासून सुरू होतो. मुंबई विमानतळ रस्त्याने पावणेदोनशे किमीच्या आसपास, पावसात कसारा घाट आणि पुढे भिवंडीचं ट्रॅफिक धरून मी तर पाच तास धरायला सांगेन, विमानतळावर तीन तास आधी, म्हणजे दुपारी २ च्या विमानासाठी सकाळी ६ ला घर सोडायचं. इथेच आठ तास गेले!

दुसरा पर्याय नाशिकजवळच्या ओझर विमानतळावरून दिल्लीमार्गे जायचा. तिथून दिल्ली हवेतून साधारण हजार किमी आणि दिल्ली-हीथ्रो ६,७०० च्या आसपास, म्हणजे पाचेकशे किमी जास्त पण घाट नाही, भिवंडी नाही. आईवडील एकटे जाणार असतील तर मला हेच बरं वाटतं, फक्त दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या आणि मध्ये तीन-चार तास ठेवा. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान लेट झालं तर दुसऱ्याचे पैसे बुडू शकतात. एका तिकिटावर बॅगा सहसा थेट लंडनला जातात, तरी ओझरला चेक-इन करताना बॅगेच्या टॅगवर शेवटचं नाव कुठलं आलंय ते वाचून घ्या.