स्ट्राइप्ड बासच्या नियमांवर सूचना-हरकत कशी लिहावी

स्ट्राइप्ड बास हा अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा पट्टेरी मासा; तो पकडण्याचे नियम बदलण्याआधी लोकांची मतं मागवतात. त्यावर "मोसम बंद करू नका" एवढंच लिहिलेलं पत्र वाया जातं. माझं पहिलं तसंच होतं. अटलांटिक किनाऱ्यावरच्या राज्यांच्या मत्स्य आयोगापुढे कारण मांडावं लागतं.

आधी आयोगाचा नियमबदलाचा मसुदा वाचा, त्यातल्या ज्या पर्यायावर बोलताय त्याचा क्रमांक लिहा. मग आपली वही काढा. मालवणच्या खडपावर गरी टाकत वाढलेला मी आता न्यू जर्सीत रॅरिटन उपसागराच्या काठी उभा राहतो. प्रत्येक फेरीची तारीख, भरती-ओहोटी, माशाची लांबी टिपतो. लांबी मोजताना तोंड मिटायचं, शेपटी चिमटायची. २०२३ पासून समुद्रात २८ इंच ते ३१ इंचांच्या आतला एकच मासा ठेवता येतो. बाकीचे सोडायचे, आणि सोडलेल्यांपैकी ९ टक्के मरतात असं आयोग धरतो. म्हणून मोसमबंदीत मासा ठेवणंच बंद, की पकडून सोडणंही, हे ठासून विचारा. खरा प्रश्न तोच आहे.

हा मासा जिथे अंडी घालतो त्या चेसापीक उपसागराच्या भागात २०१९ पासून पिल्लं फार कमी आली. म्हणून कडक उन्हाळ्यात, पाणी तापलेलं असताना गळ न टाकणं मला मान्य आहे, आणि मी तसं लिहितो. जे पटतं तेही लिहा. राज्य आणि किनाऱ्यावरून की बोटीतून हे घाला, मुदतीआधी पाठवा.