डोक्याला मार लागल्यानंतरची चक्कर: तोल सावरण्याचे व्यायाम घरी कसे निभवायचे

पावसात स्कूटर घसरली, हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. सीटी स्कॅनमध्ये काही निघालं नाही. तरी तिसऱ्या आठवड्यातही मान वळवली की समोरचं जग क्षणभर मागे राहायचं. शेजारच्या काकूंचं निदान ठाम होतं, "पित्त आहे, आलेपाक खा." डॉक्टर म्हणाले कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, आणि वेस्टिब्युलर थेरपीसाठी, म्हणजे तोल सावरण्याच्या व्यायामांसाठी, फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. पहिल्या दिवशी तिथून रिक्षात डोळे मिटून घरी आले, तेव्हा वाटलं, यांनी तर दुखणं वाढवूनच पाठवलं. या व्यायामांत थोडं गरगरणारच, किती गरगरू द्यायचं एवढंच आपल्या हातात, हे मला फार उशिरा कळलं.

आतल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं किती वळलं ते मेंदूला कळवतात आणि डोळे तेवढेच उलटे सरकतात. म्हणून तर चालता चालता दुकानाची पाटी वाचता येते. मार लागला की हा हिशेब बिघडू शकतो. मेंदू तो पुन्हा जुळवतो, पण चूक त्याच्यापुढे आलीच नाही, तर तो दुरुस्त तरी काय करणार? पहिले एक-दोन दिवस विश्रांती हवीच. चक्कर दहा दिवसांनंतरही टिकली, तर मात्र पडून राहू नये, तपासून घेऊन थेरपी सुरू करावी.

आधी शब्द नेमका सांगा

आपण सगळ्यालाच 'चक्कर' म्हणतो. थेरपिस्टला त्याने काही कळत नाही. खोली गरगरते का? चालताना एका बाजूला झोक जातो का? की उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते? तिन्हींची कारणं वेगळी असू शकतात. अंथरुणात कूस बदलल्यावर काही सेकंदच जोरात गरगरत असेल, तर ते आवर्जून सांगा. कानातले कॅल्शियमचे बारीक कण मार लागून जागचे हलले असू शकतात. त्यावर एपली नावाची युक्ती आहे; डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते कण जागेवर नेतात. व्हिडिओ बघून घरी करू नका. कोणता कान, कोणती नलिका हे आधी ठरावं लागतं, आणि मानेला मार लागलेला नाही ना, तेही.

मग अक्षरावर नजर

थेरपिस्टने शिकवलेला हा व्यायाम मी सर्वांत जास्त केला. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर एक ठळक 'क' काढा. कोऱ्या भिंतीसमोर खुर्चीत बसा, कागद हातभर अंतरावर डोळ्यांच्या उंचीला धरा. आता 'नाही नाही' म्हणतो तशी मान थोडी थोडी वळवा. नजर 'क'वरच हवी. अक्षर हललं किंवा धूसर झालं तर वेग कमी करा. अक्षर स्पष्ट दिसणं महत्त्वाचं, वेग नव्हे. तीस सेकंद झाले की थांबा, मग 'हो हो'सारखी वर-खाली तीस सेकंद. मला दिवसातून तीनदा सांगितलं होतं, तुमचा आकडा वेगळा असेल.

हे सोपं झालं की वेळ मिनिटापर्यंत वाढते, मग उभं राहून, मग पाय जुळवून. भिंतींच्या कोपऱ्याकडे पाठ करून उभं राहा, पुढ्यात जड खुर्ची ठेवा, म्हणजे झोक गेला तरी पडायला होत नाही. शेवटी मला कोऱ्या भिंतीऐवजी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं केलं. तिथी, सण, राशी, दुधाचा हिशेब, एवढ्या गर्दीतून 'क' वेगळा धरायचा! त्या दिवशी थेट पहिल्या आठवड्यात गेल्यासारखं वाटलं. तेही अपेक्षितच होतं म्हणे.

वहीत आकडा लिहा

व्यायामाआधी चक्कर शून्य ते दहा यांत किती, ते लिहा. ती दोन-तीनने वाढून पंधरा-वीस मिनिटांत उतरली, तर मात्रा बरोबर. काहीच वाढलं नाही तर थेरपिस्टला सांगा, मात्रा वाढवतील. दुपारपर्यंत मळमळत राहिलं तर जास्त झालं. पुढच्या वेळी वेळ निम्मी करा, पण व्यायाम सोडू नका. मी एकदा चिडून चार दिवस सोडला आणि पुन्हा दहा सेकंदांवरून सुरुवात करावी लागली.

चक्कर दाबणाऱ्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा. सुरुवातीच्या उलट्यांसाठी त्या कामाच्या असतात, पण महिनोन्महिने घेतल्या तर मेंदूचं जुळवणं लांबू शकतं. मनाने बंदही करू नका.

बाकी दिवस वाटून घ्या. व्यायाम आणि भाजीबाजार एकाच सकाळी नको. मोबाईलवर भराभर सरकणारा मजकूर मला बाजारापेक्षा जास्त भोवला. घरात गॉगल लावून बसू नका, डोळे उजेडाला आणखी नाजूक होतात. रोज संथ चालणं ठेवा. देवळातली प्रदक्षिणा मात्र काही दिवस भिंतीच्या बाजूने. दुचाकी डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही, "कोपऱ्यावरच जायचंय" म्हणूनही नाही.

डोकेदुखी वाढत चालली, उलट्या थांबेनात, बोलणं अडखळलं, हात-पाय लुळा वाटला, फिट आली किंवा माणूस नीट जागा होईना, तर वही बाजूला ठेवा आणि तडक रुग्णालय गाठा.